मागं इंजिन, पुढं रेडिएटर : बग्गी उन्हात तापते, आधी काय पाहावं?

पांदणवाला

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. गेल्या हिवाळ्यात ओळखीच्या एका माणसाकडून अर्धवट बांधलेली बग्गी घेतली. पाइपाची फ्रेम, मारुती ८०० चं इंजिन गिअरबॉक्ससकट मागच्या चाकांवर आडवं बसवलेलं, रेडिएटर समोर नाकात, दोन सीट आणि मागं चार कॅरेट मावतील एवढी जागा. इंजिन तेच जुनं तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी, कार्ब्युरेटरवालं. फ्रेमचं काम मात्र पाहण्यासारखं आहे, एकेक वेल्डिंग निगुतीनं मारलेली.

अडचण एकच, तापते. सकाळी काही नाही. ऊन चढलं, मागं माल टाकला आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरात झाडांच्या ओळींतून फिरलं की काटा चढायला लागतो. बगीच्याच्या खालच्या अंगाला सपाट पडीत पट्टा आहे, तिथं जोरात पळवली तरी तेच. थांबलं की मागून गुडगुड आवाज येतो, बाजूची बाटली काठोकाठ भरते आणि गाडी थंड झाल्यावर ते पाणी परत रेडिएटरमध्ये जात नाही. कधी कधी काटा चढता चढता एकदम खाली पडतो, आणि मिनिटभरात थेट लालमध्ये.

गावातला मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून फेका. दुसरा म्हणतो टाटा एसचा रेडिएटर बसवा. मला दोन्ही पटलं नाही, पण का पटलं नाही तेही सांगता येत नाही. पाच-सहा हजारांत बसेल असं सुचवा. मे तोंडावर आहे.

वऱ्हाडी पाना

भाऊ, रेडिएटर घ्याले धावू नको. गाडी हळू चालताना तापते का जोरात पळवल्यावर, हे मिस्त्रीनं तुले इचारलं का? नसंल इचारलं त त्याच्या सल्ल्यावर एक रुपया खर्च करू नको. हळू चालताना तापली त दोष हवेचा. पंखा पाह्य, जाळी पाह्य, रेडिएटरच्या पुढची वाट पाह्य. जोरात पळवल्यावर तापली त दोष पाण्याचा. मंग पंप, पाइप, आतून चोंदलेला रेडिएटर. तुयी दोन्हीकडं तापून रायली, म्हणजे दोन्ही पाहा लागते.

आन तो काटा एकदम खाली पडते ना, तो थंडावा नाही बाप्पा. सेंडर, म्हणजे पाण्याचं तापमान मोजून काट्याले सांगते तो, त्याच्या टोकाले पाणी लागूनच नाही रायलं, तिथं हवा शिरली. पाण्यातून उघडा पडला का सेंडर खोटं बोलते. काटा खाली दिसला म्हणून त्या टायमाले एक्सलेटर दाबशीन त सिलिंडरवरचं अल्युमिनियमचं हेड वाकवून बसशीन.

खालून पाइप कसे गेले त्याचे फोटो टाक. आन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नको. हे दरवेळी सांगा लागते, कारण दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी तोंड भाजून घेतेच.

ड्रॉइंगबोर्ड

पानाभाऊंनी नेमकं विचारलं. मी पॉलिटेक्निकला शिकवते, त्यामुळे थोडं गणित जोडल्याशिवाय राहवत नाही.

पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक सायलेन्सरमधून आणि एक पाण्यात. ८०० चं हे इंजिन ३७ हॉर्सपॉवरचं. पूर्ण जोरावर साधारण २७ किलोवॅट काम करतं, म्हणजे जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. ती किती टाकता येईल हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि हवा ३० वर असेल तर फरक ६० चा. आपल्याकडे मेमध्ये हवा ४६ वर गेली की तोच फरक ४४ उरतो. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण ताकद पावपटीहून जास्त घटली. त्यातही हवामान खात्याचा आकडा सावलीतला, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरचा. तुमच्या गाडीचं नाक तापलेल्या काळ्या जमिनीपासून गुडघाभर वर, तिथली हवा आणखी गरम. त्यामुळे पुण्याला किंवा कोल्हापूरला जी मांडणी चालून जाते ती आपल्याकडे उघडी पडते.

टाटा एसबद्दल : पहिल्या एसचं इंजिन ७०२ सीसी, दोन सिलिंडर, १६ हॉर्सपॉवरचं डिझेल. गाडी माल वाहते म्हणून रेडिएटर मोठा असेलच असं नाही. काहीही घेण्याआधी कोअरची, म्हणजे रेडिएटरच्या मधल्या नळ्या-पत्त्यांच्या जाळीची, उंची, रुंदी आणि जाडी टेपने मोजा.

पुणेरी स्पॅनर

छान प्रोजेक्ट! माझ्या मते दुरुस्तीत वेळ घालवण्यापेक्षा थेट अपग्रेड करावं. ऑनलाइन पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे दुहेरी कोअरचे रेडिएटर मिळतात, सोबत इलेक्ट्रिक वॉटर पंप आणि १.३ बारचं झाकण. एकदाच खर्च करा, विषय संपवा.

बाय द वे, ही गाडी रस्त्यावर काढता का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता मूळ कंपनीच्या रचनेत असा बदल नोंदणीत बसणार नाही.

पांदणवाला

नाही हो, आमच्याच सातबाऱ्यावर फिरते. धुऱ्यापलीकडं नेत नाही. नावावर जाऊ नका, पांदणीवरून ट्रॅक्टर नेतो, ही नाही.

कोळसापट्टा

पुणेरी दादा, तुमचा रेडिएटर चांगलाच असेल, पण तो फुटला तर वरुडात जोडणार कोण? मी वणीला ट्रॅक्टर-ट्रकच्या रेडिएटरचंच काम करतो. तांबं-पितळेचा रेडिएटर तालुक्याच्या गावी कोणीही डाग मारून देतो. वरची टाकी उकलायची, नळ्यांत सळई मारून क्षार काढायचा, टाकी परत डागायची, बसला पुढची काही वर्षं. अ‍ॅल्युमिनियमच्या कोअरवर प्लास्टिकची टाकी दाबून बसवलेली असेल तर ती चिरली की बहुतेक वेळा नवीनच घ्यावा लागतो.

जागा असेल तर भंगारातून एस्टीमचा पाहा. ते इंजिन १२९८ सीसीचं, ८०० पेक्षा बरंच जास्त जोराचं, त्यामुळे रेडिएटरही त्या मानाने. पण आधी आहे तो उघडून बघू. बाहेरून काळा कुळकुळीत आणि आतून चुन्याची भिंत, असे रोज पाहतो.

ड्रॉइंगबोर्ड

१.३ च्या झाकणाला माझा विरोध. झाकणाने गाडी थंड होत नाही, फक्त उकळण्याचा बिंदू वर सरकतो. आताचं ०.९ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. तिथवर पोहोचतच असेल तर दुखणं दुसरीकडे आहे. आणि जुन्या डागलेल्या रेडिएटरवर वाढीव दाब टाकला तर तो शिवणीतून सुटणार.

पण झाकण बदला मात्र जरूर, त्याच ०.९ चं. बाटलीतलं पाणी परत जात नाही असं तुम्ही लिहिलंय. झाकणाच्या मध्यभागी पितळेची छोटी चकती असते. गाडी थंड होताना ती उघडून बाटलीतलं पाणी आत ओढून घेते. ती चिकटली किंवा बाटलीची नळी कुठे फटीतून हवा ओढत असली की पाणी जातं ते जातंच.

पांदणवाला

फोटो टाकले आहेत. नीट दिसत नसेल तर सांगतो. नाकापासून मागं जाणारे दोन्ही पाइप काळ्या प्लास्टिकचे आहेत, बगीच्यात ठिबकला सबमेन म्हणून टाकतो तसलीच नळी वाटते. दोन्ही टोकांना तेवढे रबरी होज. सीटखाली आडवा पाइप येतो, त्याला ओलांडायला नळ्या वर उचलून पुन्हा खाली नेल्या आहेत. झाकण रेडिएटरवर आहे आणि इंजिनचं थर्मोस्टॅटचं घर त्या झाकणाहून वीतभर उंच. पंखा रेडिएटरच्या मागं, कोअरलाच प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला.

वऱ्हाडी पाना

अरे बाप्पा, ठिबकची नळी! सापडलं, अर्धं त इथंच सापडलं.

आता एक कर. गाडी नाकाकडून टेकावर चढवून उभी कर, चाकाले गोटे लाव, न्यूट्रलमंदी पाणी पुरं गरम होऊ दे. मंग कोणाले तरी सीटवर बसवून रेस कराले लाव. तू बाजूनं पाह्य, पंपाकडं जाणारी नळी काय करते ते. हात बेल्टापासून लांब ठेवजो, शेला-दुपट्टा काढून ठेवजो.

पांदणवाला

धाकट्या भावाला बसवून पाहिलं. थंड असताना काहीच नाही. पाणी तापल्यावर रेस वाढवली तशी पंपाच्या अलीकडची वीतभर नळी दोन्ही अंगांनी आत गेली, पार चपटी, मधोमध एक उभी घडी पडली. रेस सोडली की हळूहळू गोल झाली. तिथं बोट लावून पाहिलं तर पांढुरक्या रेषा उमटल्या आहेत, म्हणजे हे आजचं नाही.

ड्रॉइंगबोर्ड

जोरात पळवल्यावर का तापते, याचं उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर आहे. पंप रेडिएटरकडून पाणी ओढतो. वेग वाढला की ओढ वाढते, आणि पॉलिथिलीन ९० अंशांजवळ इतकं मऊ पडतं की ती ओढ त्याला सोसत नाही. नळी मिटली की पाणी बंद. हीच भीती असते म्हणून पुष्कळ गाड्यांच्या खालच्या होजमध्ये आत तारेची स्प्रिंग घातलेली असते. तुमच्या नव्या खालच्या होजमध्येही ती हवी.

आता पाइप कशाचे घ्यायचे? घरच्या पाण्याचा सीपीव्हीसी नको, इंजिनच्या हादऱ्यात त्याचे सांधे टिकत नाहीत. आपल्याकडे पटकन हात जातो तो जीआय पाइपकडे, तोही नको. आतला जस्ताचा मुलामा कूलंटशी जमत नाही, त्याचा गाळ होऊन रेडिएटरमध्ये बसतो. साधी स्टीलची किंवा स्टेनलेसची पातळ नळी घ्या, बाहेरचा व्यास तुमच्या होजच्या आतल्या व्यासाएवढा. टोकाला ओठ काढून घ्या, म्हणजे बाहेरून एक उंचवटा, नाहीतर दाबाखाली होज सटकतो. लेथवाला तो रिंग वेल्ड करूनही देईल. साधं स्टील घेतलं तर आतून गंज धरणार, म्हणून कूलंट भरूनच चालवायचं, नुसत्या पाण्यावर नाही.

आगार निवृत्त

मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं. थर्मोस्टॅटचा विषय राहून चालला आहे म्हणून लिहितो.

"काढून फेका" हा सल्ला मी हजारदा ऐकला आहे. सांगणारे सांगतात की त्यामुळे पाणी मोकळं फिरतं. उलट बाजूचे सांगतात की पाणी फार वेगात फिरलं तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही. हे दुसरं तर निव्वळ चुकीचं आहे. वेगाने फिरलेलं पाणी उष्णता जास्तच नेतं. खरी गोम बायपासमध्ये असते. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाताच इंजिनात घुटमळत राहतो. ऐन उन्हाळ्यात हाच हिस्सा नडतो. आणि डिसेंबरात पहाटे फवारणीला निघालात की इंजिन लवकर तापणारच नाही, पेट्रोल जास्त खाईल, ऑइलमध्ये गाळ धरेल.

तपासायचा असेल तर पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्ये टांगा, तळाला टेकू देऊ नका. त्यावर ८२ छापलं असेल तर ८२ च्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पुरता उघडला पाहिजे. थर्मामीटर स्वयंपाकाचा किंवा प्रयोगशाळेतला घ्या. तापाचा घेऊन नका बसू, तो ४२ ला संपतो आणि फुटतो, एका शिकाऊ पोराने माझ्यासमोर फोडला आहे.

चांगला निघाला तर त्याच्या कडेच्या पत्र्याला तीन मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि बसवताना ते भोक वरच्या बाजूला ठेवा. पाणी भरताना अडकलेली हवा त्यातून निघून जाते. कित्येक थर्मोस्टॅटला ते आधीच असतं, त्यात एक सैल खिळा डुलत असतो. तो असेल तर वेगळं भोक नको.

खारपाणी

मी दर्यापूरचा. आमच्याकडं पाणी हाच मोठा विषय म्हणून विचारतो, भाऊ, तुम्ही रेडिएटरमध्ये पाणी कोणतं टाकता? बोअरचं?

पांदणवाला

बोअरचंच. कूलंट होतं सुरुवातीला, मग उडेल तसं बोअरचं भरत गेलो. वाटेत दुसरं मिळणार कुठं?

खारपाणी

तेच तर. आम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. आमच्या विहिरीचं पाणी माणसाला गोड लागत नाही आणि जमिनीला मानवत नाही, ते अ‍ॅल्युमिनियमच्या हेडाला कसं मानवेल? क्षार नळ्यांत बसतो आणि क्लोराइड हेड कुरतडतं. तुमच्या वरुडाला खारं नसेल, पण खोल बोअरचं पाणी जड असतंच. किटली पाहा घरची, आत पांढरा थर असेल तर तोच थर इंजिनाच्या आत आहे.

बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या, पाच लिटरचा कॅन कायम गाडीत ठेवा. कूलंट बिनमिसळाचं असेल तर आपल्याकडं ३० टक्के कूलंट, ७० टक्के पाणी पुरे. निम्मं-निम्मं हे प्रमाण बर्फ पडणाऱ्या प्रदेशासाठी. तिथं ते साधारण उणे ३५ पर्यंत गोठू देत नाही, इथं गोठायचं काय आहे? कूलंटमधलं ग्लायकॉल जितकं जास्त तितकी उष्णता वाहून न्यायची ताकद पाण्यापेक्षा कमी. पण गंज थांबवणारी द्रव्यंही त्याच कूलंटमध्ये असतात, म्हणून डब्यावर लिहिलेल्या किमान प्रमाणाच्या खाली जायचं नाही. आणि तयार मिसळलेलं मिळतं त्यात वरून पाणी घालायचं नाही.

वऱ्हाडी पाना

आतला क्षार काढाले किराण्यातलं सायट्रिक अ‍ॅसिड चालते. कोमट पाण्यात मिसळून भर, इंजिन थोडा वेळ चालव, काढून टाक, मंग साध्या पाण्यानं दोन-चारदा खळबळून घे. रातभर ठेवू नको, हेडाले खाईन. आन संत्र्याचा बगीचा हाय म्हणून संत्र्याचा रस नोको टाकू बाप्पा!

पांदणवाला

रस टाकायचा विचार आला होता, भाव पाहता परवडला असता.

कोळसापट्टा

आता हवेकडं या, हळू चालताना तापते ते राहिलंच आहे. पंखा कोअरला पट्ट्यांनी बांधलाय म्हणता, म्हणजे आच्छादन नाही. पंखा चालू करा आणि वहीचा कागद समोरून रेडिएटरला लावा. मधोमध लावा, मग चारी कोपऱ्यांत लावा.

पांदणवाला

मधोमध चिकटला. कोपऱ्यांत लावला तर सरळ खाली पडला.

कोळसापट्टा

म्हणजे तुमचा रेडिएटर पंख्याच्या गोलाएवढाच आहे, बाकीचा शोभेला. आपण विदर्भातली माणसं, हे तर उन्हाळाभर घरात पाहतो. कूलरचं एक दार उघडं टाका, पंखा कितीही फिरवा, ताटीतून हवा येईल का? तो जवळच्या भोकातून ओढणार. तसंच इथं. पातळ पत्र्याचा डबा करून घ्या, रेडिएटरच्या मागची पूर्ण चौकट झाकेल असा, त्याला पंख्याएवढं गोल भोक. पंख्याचं पातं कोअरपासून चार-पाच सेंटिमीटर मागं राहू द्या. चौकटीच्या कडेला फोमची पट्टी लावा. जोरात पळताना हा डबा हवेला अडवतो असं वाटलं तर त्याला रबराच्या झडपा लावतात, पण तुमच्या वेगाला त्याची गरज नाही.

आणि रेडिएटरच्या भोवती नाकात जी फट असेल ती पण बुजवा. हवेला दुसरी वाट दिली की ती रेडिएटरमधून जात नाही.

ड्रॉइंगबोर्ड

कागद चिकटला म्हणजे पंख्याची दिशा बरोबर आहे, ते एक बरं. जुळवलेल्या गाड्यांत तारा उलट जोडून पंखा हवा पुढे फेकताना मी पाहिला आहे. आता मल्टिमीटर घेऊन पंख्याच्या कनेक्टरवर, पंखा फिरत असताना, व्होल्टेज मोजा आणि लगेच बॅटरीवर मोजा.

पांदणवाला

बॅटरीवर १३.७, पंख्यावर ११.१. तार बारीक आहे, डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरवून आणली आहे.

ड्रॉइंगबोर्ड

अडीच व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच गेले, पंखा अर्ध्या उत्साहाने फिरतोय. बॅटरीपासून २० अँपिअरचा फ्यूज, रिले (छोट्या सिग्नलवर मोठा प्रवाह चालू करणारा स्विच), आणि २.५ चौरस मिलिमीटरची तार थेट पंख्याला. अर्थची तारही तेवढ्याच जाडीची, रंग खरवडून फ्रेमला. स्विचमधून फक्त रिलेचा सिग्नल जाऊ द्या. रेडिएटरवर थर्मोस्विच, म्हणजे पाणी तापलं की आपोआप लागणारा स्विच, असेल तर तोच वापरा, आणि डॅशबोर्डचा स्विच त्याला समांतर ठेवा, थर्मोस्विच दगा देईल तेव्हा हाताने चालू करायला.

आगार निवृत्त

हवा निघण्याची व्यवस्था केल्याशिवाय हे सगळं वाया जाईल. पाणी भरायची जागा नेहमी सगळ्यांत उंच असायला हवी. तुमच्याकडे झाकण खाली आणि इंजिन वर, मग हवा झाकणाशी कशाला येईल? ती थर्मोस्टॅटच्या घरात बसून राहते, आणि सीटखालच्या त्या उंचवट्यावर दुसरी.

इंजिनच्या वर, फ्रेमला बांधून, दीड-दोन लिटरची पितळी किंवा स्टीलची टाकी लावा. दाबाचं ०.९ चं झाकण त्या टाकीवर न्या आणि रेडिएटरवर दाब न सोडणारं साधं झाकण बसवा. टाकीच्या बुडातून १९ मिलिमीटरचा जाड होज पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडा. थर्मोस्टॅटच्या घरातून एक आणि रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून एक, अशा सहा मिलिमीटरच्या बारीक नळ्या टाकीच्या वरच्या अंगाला आणा. त्या बारीकच असू द्या. जाड केल्या तर पाणी रेडिएटर चुकवून तिथूनच फिरत राहील. त्या वाटेत कुठे खाली लोंबता कामा नयेत, सतत चढत्या हव्यात. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, वर पाणी फुगायला जागा लागते.

सीटखालचा उंचवटा तर काढूनच टाका. आता नवे पाइप करताच आहात तर आडव्या पाइपाखालून न्या, खाली दगड लागू नये म्हणून पत्र्याची ढाल मारा. खालून नेणं जमतच नसेल तर उंचवट्याच्या माथ्यावर हवा सोडायचा नट वेल्ड करून घ्या.

वऱ्हाडी पाना

काका बरोबर बोलले. पण या सगळ्यावर पैसे लावायच्या आधी हेड गॅस्केट पाह्य, म्हणजे हेडाखालचं पॅकिंग. इतकेवेळा उकळलेलं इंजिन हाय. थंड असताना झाकण काढ, चालू कर, पाण्यात बुडबुडे पाह्य. सुरुवातीले थोडे येतीनच, अडकलेली हवा हाय ती. पण गरम झाल्यावरही एका लयीत येतच रायले, रेस केली का वाढले, आन वास पेट्रोलच्या धुराचा आला, त गॅस्केट गेलं समज. ऑइलची कांडी काढून पाह्य, चहाच्या रंगाचं दिसलं त तेच.

पांदणवाला

ऑइल स्वच्छ. बुडबुडे थोड्या वेळानं थांबले. पंपाच्या खालच्या भोकातून मात्र ओल दिसली, म्हणून पंपही बदलायचं ठरवलं. कामाला लागतो, मग लिहितो.

पांदणवाला

उशीर झाला, मधे बगीच्याला पाणी द्यायचं चाललं होतं.

रेडिएटर उकलला. नळ्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा पांढऱ्या खड्यांनी बंद होता. कारागिरानं सळई मारताना खाली गोणपाट अंथरलं होतं, त्यावर रवाळ चुन्याचा ढीग पडला. तोच रेडिएटर परत बसवला, नवीन घेतला नाही. स्टीलचे पाइप अमरावतीहून आणले, ओठ लेथवर करून घेतले, खालच्या होजात स्प्रिंग. टाकी कोळसापट्टा दादांनीच वणीहून डागून पाठवली, पितळेची, पैसे घेतले पण कमी घेतले. पंप, बेल्ट, झाकण, होज नवे. थर्मोस्टॅट पातेल्यात टांगला, ८३-८४ ला हलायला लागला, तोच ठेवला, त्याला डुलता खिळा आधीच होता. पंख्याचा डबा गावातल्या कूलर करणाऱ्यानंच केला. त्याला फार समजावून सांगावं लागलं नाही. एकूण सात हजारांच्या आत-बाहेर गेलं, मिस्त्रीची मजुरी धरून.

भरताना नाक उंच केलं नाही, टाकीच आता सगळ्यांत वर आहे. पाणी हळूहळू ओतलं, खालचा होज हातानं दाबत राहिलो, डबडब करत हवा टाकीतून निघाली.

परवा दुपारी बाहेर ४४ होतं. मागं चार कॅरेट, दुसरा गिअर, ओळींतून फिरवली. काटा मधल्या रेषेच्या थोडा वर जातो, पंखा लागतो, काटा खाली येतो, पंखा बंद होतो. इन्फ्रारेड गननं वरचा होज ९२ आणि खालचा ८१ दाखवला. सपाटीवर जोरात नेली तर पंखा लागलाच नाही.

ड्रॉइंगबोर्ड

वर-खाली ११ अंशांचा फरक म्हणजे पाणी फिरतंय आणि रेडिएटर उष्णता टाकतोय. गन होजच्या बाहेरचं तापमान दाखवते, आत थोडं जास्त असणार, तरी ठीक आहे. जिथे पेंट किंवा रबर आहे तिथेच गन धरा. चकचकीत धातूवर ती कमी दाखवते.

पुणेरी स्पॅनर

अभिनंदन! माझा इलेक्ट्रिक पंप मात्र कोणी मनावर घेतला नाही.

कोळसापट्टा

दादा, पुढच्या गाडीला घेऊ. बेल्टवरचा पंप बंद पडायच्या आधी ओघळून सांगतो, इलेक्ट्रिकचा सांगत नाही, एवढाच माझा आक्षेप.

खारपाणी

भाऊ, आता पावसाळा संपला की सोयाबीन निघेल, मग कापूस. थ्रेशरजवळून गेलात की भूस आणि वेचणीत रुई, सगळं कोअरवर येऊन बसतं. समोर मच्छरदाणीची जाळी लावू का असं माझा पुतण्या विचारतोय, त्याची जीप आहे.

कोळसापट्टा

मच्छरदाणीची नको, ती स्वतःच हवा अडवते आणि तासाभरात भुसानं बंद होते. सहा-आठ मिलिमीटर भोकाची तारजाळी, रेडिएटरपासून चार बोटं पुढं, खिट्टी काढून झटकता येईल अशी. आणि कोअर धुताना पंख्याच्या बाजूनं पुढं पाणी मारायचं, म्हणजे घाण आली त्या वाटेनं बाहेर जाते. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर पत्त्या आडव्या होतात, मग एकेक पत्ती चिमट्यानं उभी करत बसा.

वऱ्हाडी पाना

पांदणवाले भाऊ, होजाचे क्लिप गाडी दोन-चारदा गरम-थंड झाल्यावर परत आवळून घेजो. नवं रबर बसते, क्लिप सैल पडते. खालच्या होजाचं पह्यले पाह्यजो, तो दिसत नाही म्हणून सगळे इसरतात.

पांदणवाला

खालचाच सैल होता. आवळला.